गेघार्दला तासभरच असेल तर चर्चच्या शेजारच्या अंधारात जा

आर्मेनियातल्या गेघार्द मठात तासभरच मिळणार आहे, तर मुख्य चर्च बघून निघालं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. माझं ऐकाल तर चर्चला दहा मिनिटं द्या आणि उरलेला वेळ शेजारच्या अंधारात घालवा.

1215 सालचं ते चर्च देखणं आहेच. दक्षिणेकडच्या दारावर डाळिंबं आणि द्राक्षांचे घोस कोरलेत, त्यांच्याही वर बैलावर झडप घालणारा सिंह. पण क्रूसाचा आराखडा, मधे घुमट आणि त्यावर टोकदार छप्पर हे तुम्हाला आर्मेनियात पुष्कळ ठिकाणी भेटेल.

गाविथ मात्र निवांत बघा. चर्चला पश्चिमेकडून जोडलेल्या दालनाला तिकडे गाविथ म्हणतात. इथे लोक जमत, इथेच मृतांना पुरत. चार जाड खांब, वर मधाच्या पोळ्यासारखं कोरलेलं छत आणि त्याच्या टोकाला एक झरोका. उजेड येतो तो मुख्यतः तिथूनच. मोबाइलचा टॉर्च लावू नका, जरा थांबलात की डोळे सरावतात.

मग डोंगराकडच्या भिंतीतली दारं दिसतील. एका दारातून आत गेलात की खडकात कोरलेलं चर्च लागतं. आत झरा वाहतो, ओंजळीत पाणी घेऊन बघा, गारेगार असतं. दुसऱ्या दारातून प्रोश्यान घराण्याच्या समाधीदालनात जाता येतं. तिथे भिंतीवर एका जनावराचं डोकं तोंडात साखळी धरून आहे, साखळीची दोन टोकं दोन सिंहांच्या गळ्यात, आणि खाली कोकराला पंजात धरलेला गरुड. त्याच्या पलीकडे 1283 चं आणखी एक चर्च.

या खोल्यांत कमानी आहेत, घुमट आहेत, पण दगडावर दगड कुठेच रचलेला नाही. कमान लागते ती दगडांचा भार तोलायला. इथे तोलायला काही नव्हतंच, तरी कारागिरांनी सलग खडकातून ती कोरून काढली, कारण देऊळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तेच रूप होतं. मला गेघार्दमध्ये सगळ्यात जास्त भिडतं ते हे.

निघण्याआधी बाहेरच्या पायऱ्यांनी वरच्या, 1288 सालच्या दालनात जा. वाटेतल्या अरुंद बोगद्याच्या भिंतींवर क्रूस कोरलेत. खांबांच्या मधोमध उभं राहून एकच सूर लावा आणि तो विरेपर्यंत गप्प राहा. तिथेच जमिनीत एक भोक आहे, वाकून बघितलंत तर खालचं समाधीदालन दिसतं.