पीसीओएससाठी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) दारुहळद, दालचिनी, पुदिना घ्यावा की व्यायाम करावा? आई काढा घे म्हणते, डॉक्टर व्यायाम कर म्हणतात. ऐकू कोणाचं?

डॉक्टरांचं. व्यायाम आधी, बाकी सगळं त्यानंतर. पण "ऐकू कोणाचं" हे वाचून मला राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

मी २२ वर्षांची होते तेव्हा आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहायचो. पाळी तीन-तीन महिने बेपत्ता, हनुवटीवर राठ केस, मानेवर काळपट पट्टा. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज घाम निघेल एवढा व्यायाम कर, आणि पाळी ९० दिवसांच्या वर गेली तर थांबू नको, सरळ ये. घरी आल्यावर मात्र निर्णय आत्यानं घेतला. आत्या महालात राहायची. दर पंधरा दिवसांनी इतवारीतून पुडी बांधून आणायची: दारुहळद, मेथी, दालचिनी आणि आणखी दोन-तीन मुळ्या. दोन पेले पाणी उकळून अर्धा पेला करायचं. दारुहळदीचा तो पिवळा रंग पेल्याच्या काठाला धरून बसतो, ओढणीवर थेंब पडला की ती ओढणी गेली. कडू इतकं की नंतर खाल्लेल्या पोह्यांचीही चव लागायची नाही.

सव्वा वर्ष प्यायले. त्या सव्वा वर्षात पाळी पाच वेळा आली, त्यातही दोनदा डॉक्टरांच्या गोळ्यांनी.

मधल्या काळात चौकात एक व्यायामशाळा उघडली. बायकांची वेळ सकाळी ६ ते ७. बाबा लगेच हो म्हणाले. आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीनं वजनं उचलायची नसतात वं. पिशवी खाली येते. उद्या लेकरू राहीन का हिला?" बाबा गप्प झाले. आई तर आधीपासूनच गप्प होती.

तेव्हा मला कळलं नाही, आज स्वच्छ दिसतं. काढा घरात बसून पिता येतो. व्यायामाला पोरीनं दाराबाहेर पडावं लागतं, घामेजलेल्या कपड्यात चौकातून परत यावं लागतं, चार लोकांनी बघावं लागतं. म्हणून काढ्याला पसंती. औषध म्हणून कोणता उपाय चांगला, हा विचार कोणी केलाच नव्हता.

मी गच्चीवर सुरू केलं. तेलाचे ५ लिटरचे दोन रिकामे कॅन पाण्यानं भरायचे आणि ते धरून उठाबशा. मे महिना होता, पहाटे ५ वाजताही गच्चीची फरशी कोमट लागायची. नंतर आठवड्यातून चार दिवस अंबाझरीला झपझप चालायला जायला लागले, बाबांच्या स्कूटरवर. आणि काढा मोरीत ओतायला लागले. मोरीची फरशी पिवळी पडली. आईनं ती पाहिली, नारळाच्या शेंडीनं घासली आणि आत्याला काही बोलली नाही.

पाचव्या महिन्यात पाळी ३६ दिवसांनी आपोआप आली. पुढची ३४. वजन ७१ वरून ६८ झालं होतं, फक्त तीन किलो. चुलत बहिणीच्या लग्नात आत्यानं सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "माझा काढा लागू पडला." मी तिथे काही बोलले नाही. आज इथे लिहून टाकते: आत्या, काढा मोरीत जात होता.

आता हे का होतं ते. पीसीओएस असलेल्या बहुतेक जणींमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं आणि त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी करतं. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत ओढतात, आणि नंतरचे एक-दोन दिवस इन्सुलिनही जास्त चांगलं काम करतं. म्हणून वजन फारसं न उतरताही फायदा होतो, आणि म्हणूनच सलग तीन दिवस खाडा करू नका. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगतात. अमुकच प्रकार सरस असंही त्या म्हणत नाहीत. चाला, पोहा, वजनं उचला. वजनं उचलून पिशवी खाली येते ही भीती मनातून काढून टाका.

वनस्पतींबद्दल. दारुहळदीतलं बर्बेरीन नावाचं द्रव्य अगदीच फुकाचं नाही, साखर आणि कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम दिसलेला आहे. पण ते अभ्यास लहान होते आणि त्यात शुद्ध अर्काच्या साधारण ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून दोन-तीनदा दिल्या होत्या. पुडीतल्या मुळीत किती उतरतं ते कोणालाच माहीत नसतं. पुदिन्याच्या चहावर २०१० साली एक महिनाभराची चाचणी झाली. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषी हार्मोन, उतरलं, पण केसांचं डॉक्टरांनी केलेलं मोजमाप बदललं नाही. बाजारातली जाड सालीची दालचिनी रोज चमचाभर घेऊ नका, तिच्यातलं कूमारिन यकृताला त्रास देतं. वनस्पतींशी माझं वैर नाही, पीसीओएसमध्येही देतात त्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं मूळसुद्धा गॅलेगा नावाच्या एका झुडपातच सापडतं.

हेही सांगायला हवं की त्याच काळात मी रात्री १ ऐवजी ११ ला झोपायला लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामालाच द्या असं मी म्हणणार नाही. बारीक अंगाच्या मुलींनाही पीसीओएस असतो, तुम्ही तशा असाल तर वजन उतरवायच्या मागे लागू नका. गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्याच. बर्बेरीन इतर औषधांमध्ये ढवळाढवळ करतं, म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आणि दिवस राहायचा प्रयत्न असेल, दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर बर्बेरीन अजिबात नको, बाळाची कावीळ वाढू शकते.

आईशी भांडू नका. पुदिन्याचा चहा तिच्या हातचा प्या, आणि सकाळी बाहेर जाऊ दे एवढं मागा. लोक काय म्हणतील म्हणाली तर तिलाच सोबत चल म्हणा. माझी आई कधी सोबत आली नाही. पण बाबा बाहेरगावी असले आणि मी एकटी निघाले, की मी चौक ओलांडेपर्यंत ती फाटक धरून उभी असायची.