इंग्रजी वाक्यं जोडताना सारखं 'अँड' आणि 'सो'च येतं, काय करू?

तुम्ही विचारलंय की सुटी वाक्यं जमतात पण जोडायला गेलं की 'अँड' नाहीतर 'सो' येतं, आणि 'बिकॉज' लिहायचं की 'बिकॉज ऑफ' हे काही केल्या कळत नाही. मी आठवी-दहावीच्या ट्यूशन घेते, हा घोळ रोज बघते, आणि त्याचं मूळ बरंचसं आपल्या मराठीच्या सवयीत आहे.

आपल्याकडे 'मुळे' कुठेही चिकटतं, 'पावसामुळे उशीर झाला' पण चालतं आणि 'पाऊस पडल्यामुळे उशीर झाला' पण चालतं, मग मुलं बिनधास्त लिहितात 'बिकॉज ऑफ इट वॉज रेनिंग'. तर इंग्रजीत एवढंच बघा की जोडशब्दाच्या पुढे काय येतंय. नुसतं नाम असेल तर प्रेपोझिशन, 'बिकॉज ऑफ द रेन', आणि कर्ता-क्रियापदासकट अख्खं वाक्य असेल तर कंजंक्शन, 'बिकॉज इट वॉज रेनिंग'. तसंच 'डिस्पाइट द रेन' पण 'ऑल्दो इट वॉज रेनिंग', 'ड्युरिंग द लेक्चर' पण 'व्हाइल ही वॉज टीचिंग'. बिफोर, आफ्टर, सिन्स, अनटिल दोन्हीकडे चालतात, तिथे टेन्शन नाही. आणि 'डिस्पाइट ऑफ' असं काही नसतं हो, 'ऑफ' हवंच असेल तर 'इन स्पाइट ऑफ' लिहा.

प्रेपोझिशनपुढे क्रिया सांगायची असेल तर आयएनजी लावायचं. 'आजारी असूनही' म्हणजे 'डिस्पाइट बीइंग इल', 'काम संपवल्यावर' म्हणजे 'आफ्टर फिनिशिंग द वर्क'. हे एकदा हातात बसलं की अर्धी वाक्यं आपोआप आटोपशीर होतात.

दुसरी सवय जोडीची. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा आपल्याला दोन्ही लागतात, म्हणून 'ऑल्दो ही इज रिच, बट ही इज अनहॅपी' असं होतं. इंग्रजीत दोनातला एकच ठेवा, दुसरा खोडा. 'बिकॉज' आणि 'सो'चंही तेच.

आता 'अँड'चं. परवा एका मुलाने लिहिलेलं, 'आय हॅड फीव्हर अँड आय वॉज अ‍ॅबसेंट अँड माय फ्रेंड गेव्ह मी नोट्स सो आय कम्प्लीटेड द होमवर्क'. चूक अशी काही नाही, पण वाचणाऱ्याला दम लागतो. मी त्याला प्रत्येक 'अँड'पाशी थांबवून विचारलं, इथे कारण सांगतोयस, विरोध सांगतोयस की कशाच्या मदतीने केलं ते? मग झालं, 'आय वॉज अ‍ॅबसेंट बिकॉज ऑफ फीव्हर, बट आय कम्प्लीटेड द होमवर्क विथ माय फ्रेंड्स नोट्स'. 'विथ'सारख्या छोट्या शब्दाने एक अख्खं वाक्य गिळलं बघा.

शाळेत 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' नि 'नो सूनर दॅन' घोकून घेतात ते मार्कांपुरतं ठीक आहे, उगाच बॉसला 'नो सूनर डिड आय रिसीव्ह युअर मेल' वगैरे लिहू नका, 'अ‍ॅज सून अ‍ॅज' पुरतं. 'हाउएव्हर'ने मात्र दोन वाक्यं नुसता कॉमा देऊन जोडता येत नाहीत, आधी फुलस्टॉप किंवा सेमीकोलन लागतो. आणि 'बिकॉज'ने वाक्य सुरू करायचं नाही हे कुणी सांगितलं असेल तर विसरा, खुशाल करा, फक्त मध्ये कॉमा देऊन पुढचं मुख्य वाक्य पूर्ण करा.