थायमसमध्येच छाननी होते, तर नियामक टी पेशी कशाला?

तुमचा प्रश्न असा, की स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्या जिथे परिपक्व होतात त्या छातीतल्या थायमस ग्रंथीतच मारल्या जातात, तर नियामक टी पेशींचं, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या पेशींचं, काम उरतंच काय? मी इम्युनॉलॉजी शिकवते. वर्गातही हा प्रश्न येतो आणि तो अगदी रास्त आहे.

थायमसची छाननी खरी, पण ती काटेकोर नाही. ठणठणीत माणसाच्या रक्तातही स्वतःच्या ऊतींना ओळखणाऱ्या टी पेशी फिरत असतात. त्यांना सतत कोणीतरी आवरतं, म्हणून त्या गप्प असतात.

याचा मला सर्वात पटणारा पुरावा म्हणजे जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांचा १९९५ सालचा प्रयोग. त्यांनी उंदरांच्या टी पेशींमधून सीडी२५ हा रेणू बाळगणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांचं थायरॉइड, जठर असे अवयव या दिलेल्या पेशींच्या हल्ल्याला बळी पडले. काढलेल्या पेशी वेळेत परत दिल्या, तर आजार झालाच नाही! म्हणजे हल्लेखोर निरोगी उंदरातही होतेच, फक्त सीडी२५ बाळगणाऱ्या पेशींनी त्यांना दाबून ठेवलेलं होतं. याच त्या नियामक टी पेशी.

त्या इतरांना दाबतात कशा? सीडी२५ हा इंटरल्यूकिन-२ (आयएल-२) हा संदेशवाहक रेणू पकडणाऱ्या ग्राहीचा भाग. टी पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-२ लागतं. नियामक पेशी तेच शोषून घेतात आणि शेजारच्यांची उपासमार करतात. शिवाय सीटीएलए-४ या रेणूने त्या डेंड्रिटिक पेशींवरचे (टी पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशींवरचे) सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू ओढून गिळून टाकतात. हे दोन रेणू नसले, की नव्या टी पेशीला हल्ल्याचा पुरेसा इशाराच मिळत नाही. आयएल-१० सारखे शामक रेणूही त्या सोडतात.

माणसात फॉक्सपी३ हे जनुक बिघडलं, की नियामक पेशी नीट कामच करत नाहीत. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुलग्यांना होतो: तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, टाइप १ मधुमेह, इसब. त्याचं नाव आयपेक्स. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी हे जनुक आधी उंदरात शोधलं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्या दोघांना आणि साकागुचींना मिळालं.

म्हणूनच ‘इम्युनिटी वाढवा’ अशा जाहिराती पाहिल्या, की मला काळजी वाटते. कर्करोगावर सीटीएलए-४ रोखणारं इपिलिमुमॅब देतात, तेव्हा प्रतिकारशक्ती खरोखरच मोकळी सुटते, आणि काही रुग्णांच्या आतड्याला इतकी सूज येते, की औषध थांबवून स्टेरॉइड द्यावे लागतात.