गाडीत फोन चार्जिंगला लावला की एफएमवर खरखर का येते?

दोष बहुतेक वेळा फोनचा नसून लायटर सॉकेटमधल्या चार्जरचा असतो. बॅटरीचे 12 व्होल्ट 5 वर आणायला तो आतला करंट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो. त्यातून निघणारा गोंगाट पार 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या एफएम पट्ट्यापर्यंत पोचतो, आणि लोंबणारी केबल त्याची आयती अँटेना होते. स्वस्त चार्जरमध्ये फिल्टर नावालाच असतो, म्हणून जवळच्या स्टेशनला काही जाणवत नाही, पण घाटात सिग्नल पडला की खरखर सुरू. मीडियम वेव्ह ऐकणाऱ्यांचे तर विचारूच नका.

आधी फक्त फोन काढून पाहा, मग चार्जरच उपसा. चार्जर काढल्यावरच आवाज थांबला तर तो बदला. चांगल्या कंपनीचा घ्या. तोवर केबलच्या चार्जरकडच्या टोकाला फेराइट क्लिप (केबलवर बसणारी, गोंगाट अडवणारी छोटी कडी) लावा, जमल्यास केबलचा एक वेढा तिच्यातून घ्या आणि वायर अँटेनापासून लांब ठेवा. काचेवरचा डॅशकॅमही (रस्ता टिपणारा कॅमेरा) तपासा, त्याचा चार्जरही असाच गोंगाट करू शकतो, पण तो तपासायचा बऱ्याचदा राहून जातो.

ऑक्स केबलवर (फोन स्टीरिओला जोडणारी वायर) गाणी लावताना इंजिनाबरोबर चढणारी शीळ मात्र वेगळी भानगड. तिथे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ऑक्स केबलच्या मध्ये बसवायची, ती शीळ तोडणारी छोटी डबी लागते.