गॅसभट्टी नसताना गावात काळी-पांढरी राकू भांडी करता येतील का?

तुम्ही लिहिलंय की हिंगणघाटजवळच्या खेड्यात राहता, गॅसभट्टी नाही, फक्त शेजारच्या कुंभाराचा आवा (भांडी रचून भाजायची गावठी भट्टी) आहे. जमेल. इथे राकू म्हणजे धुराने पांढऱ्यावर काळी नक्षी उठवलेली भांडी. मी भंडारा जिल्ह्यात आव्यावरच करतो. भट्टीपेक्षा धूर ताब्यात ठेवायला शिका.

राकूची सुरुवात जपानची. १६व्या शतकात क्योटोत चोजिरो या कुंभाराने चहाविधीचा गुरू सेन नो रिक्यू याच्यासाठी चहाचे वाडगे घडवले, पण त्यांचा काळा रंग धुराचा नव्हे, झिलईचा म्हणजे काचेसारख्या लेपाचा होता. तापलेलं भांडं भुशात कोंडायची रीत अमेरिकेत १९६०च्या सुमारास पॉल सोल्डनर या कुंभारकलाकाराने रुळवली. आपल्याकडेही धुराचा काळा नवा नाही. नागपूर जिल्ह्यातल्या माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांत, काळी-तांबडी भांडी सापडली आहेत.

आपली नदीकाठची माती भाजली की लाल होते, तिच्यातून पांढरा निघत नाही. म्हणून चिनी माती पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, तळाचा जाड गाळ टाकून द्या, वरचा बारीक घोळ भांडं ओलसर असतानाच दोन-तीन हात द्या. मग गुळगुळीत गोट्याने घोटा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. मातीत खापराचा चुरा मिसळलेला असू द्या, नाहीतर भांडं तडकतं. भाजताना ते मोठ्या माठात झाकून आव्यात ठेवा, म्हणजे पांढरा डागाळत नाही.

आता धूर. चिनी माती आणि बारीक वाळूचा दह्याइतका घट्ट लेप भाजलेल्या भांड्यावर चढवा. वाळताना त्याला आपल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात. काडीने रेघोट्याही ओढता येतात. पत्र्याच्या डब्यात सोयाबीनचं कुटार किंवा लाकडाचा भुसा घाला, त्यात भांडं पुरा, वरून पेटवा आणि नीट धुमसायला लागलं की झाकण लावा. ज्वाळा राहिली तर बसलेला काळा जळून जातो. माझ्या पहिल्या डब्याला झाकणाशी फट राहिली होती, भांडं राखाडी निघालं. तेव्हापासून कडेला ओला चिखल लिंपतो.

रात्रभर हात लावू नका. सकाळी भांडं पूर्ण गार झालं की लेपाच्या कडेखाली नख घाला. उकडलेल्या अंड्याच्या टरफलासारखी खपली निघते आणि खाली पांढऱ्यावर भेगांचं काळं जाळं दिसतं. माझी कित्येक भांडी झाली, तरी पहिली खपली सुटताना मी अजूनही श्वास धरून बसतो.

एवढं सांभाळा: डबा उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसून पेटवा. ही भांडी पाणी झिरपवतात, त्यामुळे खाण्यापिण्याला नकोत. मऊ कापडाने मेण चोळून शोभेला ठेवा. आणि पावसाळ्यात सुरुवात करू नका, कुटार ओलं असलं तर धूर नुसता पिवळा येतो.