लहानमोठे तुकडे गोधडीत बसवताना

गोधडीसाठी तुमच्याकडे जमलेले कापडाचे चौकोन वेगवेगळ्या मापांचे असले म्हणून ते सगळे सर्वांत लहान तुकड्याएवढे कापण्याची घाई करू नये; इरकलीचा काठ तसा कापला की त्याची शोभाच जाते. त्याऐवजी ३ इंचांचे मूळ माप धरावे आणि प्रत्येक तुकडा शिवून झाल्यावर ६, ९ किंवा १२ इंचांचा भरेल असे पाहावे, म्हणजेच चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारे जादा कापड) धरून तो साडेसहा, साडेनऊ किंवा साडेबारा इंचांचा कापावा. ही माया विसरल्यामुळे माझी तीन तुकड्यांची रांग एकदा दीड इंच आखूड झाली होती.

मांडणी जमिनीवर सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर करावी. रात्री झोपायला जागा हवी असेल तर तुकड्यांसकट चादर अलगद गुंडाळता येते, आणि दोन खोल्यांच्या घरात ही सोय फार मोठी आहे. आधी १२ इंची तुकडे एकमेकांपासून दूर ठेवावेत आणि गडद रंग एकाच कोपऱ्यात साचू देऊ नयेत. १२ इंची तुकड्याशेजारी ६ इंचांचे दोन तुकडे एकाखाली एक बरोबर बसतात. ९ इंचांचा ठेवल्यास त्याच्याखाली ३ इंच रुंदीची पट्टी जोडावी लागते.

शिवताना असे छोटे गट आधी पूर्ण करून मगच ते सरळ शिवणीने एकमेकांना जोडावेत, नाहीतर आतल्या कोपऱ्यात तुकडा बसवण्याची पाळी येते आणि नवख्या हाताकडून तिथे हमखास चुणी पडते.