क्रेडिट कार्डावरून बेटिंग करण्याआधी

न्यू जर्सीत नवीन आलायस आणि बेटिंगच्या ॲपमध्ये कार्ड टाकायला निघालायस, म्हणून आधीच सांगतो. तुला वाटतं ही खरेदी आहे. बँकेला वाटत नाही. जुगाराच्या व्यवहारावर ७९९५ हा कोड पडतो आणि बहुतेक बँका तो कॅश ॲडव्हान्समध्ये धरतात, म्हणजे एटीएममधून उधार नोटा काढल्यासारखंच.

फी साधारण ५ टक्के किंवा १० डॉलर, जे जास्त असेल ते. आता गंमत बघ: २०० डॉलर एकदम भरलेस तर १० डॉलर गेले. तेच पन्नास-पन्नास करून चारदा भरलेस तर ४० गेले! मी पहिल्या महिन्यात नेमका हाच शहाणपणा केला होता, ‘थोडं थोडं भरू’ म्हणून. पैसे न खेळता परत काढलेस तरी फी सुटत नाही.

व्याज त्याच दिवसापासून चालू. बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत इथे नाही, दरही खरेदीपेक्षा बहुधा चढाच. खरेदीवर मिळणारे कार्डाचे बक्षीस पॉइंटही विसर. चुकून झालंच, तर बिलातली किमान रक्कम भरून थांबू नकोस; अमेरिकेच्या २००९च्या कायद्यानुसार त्याच्या वरची रक्कम आधी सर्वांत जास्त व्याजाच्या बाकीवर जाते.

डेबिट कार्ड किंवा थेट बँक खातं वापर. आणि बँकेला फोन करून कॅश ॲडव्हान्सची मर्यादा शून्यावर आणता येते का विचार, काही बँका करून देतात. ब्रिटनने तर १४ एप्रिल २०२० पासून जुगाराला क्रेडिट कार्डच बंद केलं.